एकटीनं खेळू नकोस, पोरी

पोरी, मोबाईलवर बुद्धिबळ खेळतेस, त्याचा मला आनंदच आहे. आपल्या वस्तीवरून शिकवणीला बारामतीला जायचं म्हटलं तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. मोबाईल हीच तुझी तालीम. पण तालमीत कुणी एकटं घुमत नाही. जोड लागते, वस्ताद लागतो, आखाड्याच्या कडेला बसून चूक सांगणारं म्हातारं माणूस लागतं. ते सगळं त्या मोबाईलमध्ये आणि आपल्या गावात आहे. तू त्याला हात लावत नाहीस. डाव हरलीस की लगेच नवा मांडतेस, म्हणून एवढं सांगतो.

तू लीचेस या संकेतस्थळावर खेळतेस. थिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं ते २०१० मध्ये सुरू केलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतं. डाव संपल्यावर तू त्याची तपासणी मागितलीस, तर ती स्वयंसेवकांनी जोडून दिलेल्या संगणकांवर होते. तपासणारं स्टॉकफिश हे इंजिनही कुणा एकाच्या मालकीचं नाही. २००८ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, आणि त्यातला प्रत्येक नवा बदल पारखायला जगभरातली माणसं आपल्या संगणकाचा वेळ देतात. तुझ्या एका हरलेल्या डावासाठी इतक्यांनी सोय करून ठेवली आहे, पोरी. ती वापर.

मात्र डाव संपला की लगेच इंजिनकडं जाऊ नकोस. आधी स्वतः बघ. डाव हातचा कुठं गेला असं तुला वाटतं, ते वहीत दोन ओळींत लिही. मग लाकडी पटावर तीच मोहरी मांड आणि कुणाला तरी दाखव. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांतले काही देशी बुद्धिबळ खेळलेले आहेत. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी असायची. नियम वेगळे, म्हणून त्यांना कमी लेखू नकोस. ओपनिंगची नावं त्यांना येत नाहीत, पण तुझा हत्ती कोपऱ्यात कोंडलाय हे त्यांना आधी दिसतं. त्यांनी विचारलं, ‘हे प्यादं का ढकललंस?’ आणि तुला उत्तर देता आलं नाही, की तिथंच तुझा धडा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात पोरं घडली ती अशीच, पटाभोवती माणसं जमली म्हणून.

त्यानंतर इंजिन लाव. डाव कुणाच्या बाजूनं आहे हे दाखवणारा त्याचा आकडा एकदम जिथं पडला तीच चाल धर, बाकीचं सोड. इंजिन चांगली चाल दाखवतं, कारण सांगत नाही. कारण तू शोधायचं. सापडलं नाही तर तो डाव लीचेसच्या ‘स्टडी’त ठेवून मैत्रिणींना उघडून दे. तिथं प्रत्येकीला आपलं म्हणणं त्या चालीखालीच लिहिता येतं.

तीन मिनिटांचे डाव कमी कर. पंधरा मिनिटांचा, चालीमागं दहा सेकंद वाढणारा डाव खेळ. दिवसाला एकच झाला तरी चालेल.

लीचेसवरची पझल्स खेळाडूंच्या खऱ्या डावांतूनच काढलेली आहेत, म्हणून ती मोलाची. अंदाजानं मोहऱ्याला हात लावू नकोस. शेवटच्या चालीपर्यंत डोक्यात उत्तर आलं, मगच बोट टेकव. अखेरीच्या डावांचीही सोय तिथं आहे. दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की जिंकणार की बरोबरी, हे मोजून ठेवलेलं आहे आणि तू ते फुकट बघू शकतेस. हत्ती-प्याद्याच्या अखेरी तिथं तपासत जा. ओपनिंग पाठ करत बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, हे माझं ठाम मत आहे.

नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ ला बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्ध पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला तो जलद डावांत. ते डाव जगाला खुले आहेत. काळी मोहरी घेऊन तिनं जिंकलेला शेवटचा डाव चाल झाकून झाकून बघ. पुढची चाल आधी तू ठरव, मग तिची उघड.

रेटिंगचा हट्ट धरू नकोस. लीचेसवर सगळ्यांची सुरुवात १५०० पासून होते. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं मानांकन वेगळं, ते २०२४ पासून १४०० च्या खाली दिलं जात नाही. दोन्हींची तुलना करून फुशारकीही नको आणि रडूही नको.

चालू डावात इंजिनला विचारायचं नाही. मलासुद्धा विचारायचं नाही. पैसे लावून खेळायची लिंक व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवली तर उघडू नकोस. पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे, आणि तो झाला नसता तरी मी नकोच म्हणालो असतो. अनोळखी माणसानं गाव, शाळा, नंबर विचारला तर सांगायचं नाही. धाकट्याच्या खात्यावर किड मोड लावून दे, म्हणजे त्याला कुणाचे निरोपच येणार नाहीत.

आणि घेतेस तसं देही. शाळेतल्या पोरींची एक टीम काढ. रविवारी तासाभराची स्पर्धा ठेवा. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या बाजूला ऊसतोडीच्या कोप्या पडतात. तिथल्या पोरांना पट घेऊन जा, चाली शिकव. त्यांच्या आईबापांना विचारून खातं काढून दे आणि त्यांच्याशी चालीला तीन-तीन दिवस मिळणारा डाव लाव. हंगाम संपून पट्टा पडला, माणसं परत बीडकडं गेली, तरी तो डाव पुरा करता येतो.