उपयोजित उच्च शिक्षण आणि महानगर : हेलसिंकी परिसर

फिनलंडमध्ये संशोधनप्रधान विद्यापीठांच्या जोडीला उपयोजित शास्त्रांची विद्यापीठे १९९० च्या दशकात उभी राहिली. तेथे परिचारिका, अभियंते घडतात. प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा पदवीचाच भाग असतो. २००८ मध्ये स्थापन झालेल्या 'मेट्रोपोलिया'ची संकुले हेलसिंकी, एस्पो व वान्ता या शेजारच्या शहरांत विखुरलेली आहेत. मेट्रो आणि लोकलगाडीवाचून हे शिक्षण चालणे अवघड.

पदव्युत्तर प्रवेशाला मात्र नुसती पदवी पुरत नाही, संबंधित क्षेत्रातील दोन वर्षांचा कामाचा अनुभवही लागतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आपण ही अट पुन्हा वाचावी : आपल्याकडे 'खंड' म्हणून हिणवली जाणारी वर्षे तेथे पात्रता ठरतात. अर्थात, २०१७ पासून युरोपीय संघ व युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील विद्यार्थ्यांना इंग्रजी माध्यमासाठी शुल्क भरावे लागते. फिनिश वा स्वीडिश माध्यमाला ते नाही.