अभिनयाचें मर्म : ‘तमस’ मालिकेवरून एक पाठ

अभिनय म्हणजे मोठ्यानें रडणें, ओरडणें व हातवारे करणें, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हें ‘तमस’ या मालिकेवरून चांगलें कळतें. भीष्म साहनी यांच्या हिंदी कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनीं दिग्दर्शित केलेली ही मालिका १९८८ सालीं दूरदर्शनवर दाखविण्यांत आली. १९४७ सालीं, फाळणीच्या तोंडावर, पंजाबांत उसळलेली दंगल हा तिचा विषय होय.

नथू हा कातडीं कमावणारा गरीब मनुष्य. पांच रुपयांच्या मोबदल्यांत तो एक डुक्कर मारतो. दुसऱ्या दिवशीं मशिदीच्या पायऱ्यांवर मेलेलें डुक्कर सांपडतें व नगर पेटतें. आपल्या हातून काय करवून घेतलें गेलें, हें त्याला उमगतें. पण सांगावें कोणास? ओम पुरी यांनीं हें मनावरचें ओझें खालीं गेलेल्या नजरेनें व अडखळत्या शब्दांनीं दाखविलें आहे. तो रडला नाहीं तरी आपला जीव कळवळतो.

राजोची भूमिका लहान आहे. हरनामसिंग व बंतो हें वृद्ध शीख जोडपें आश्रयासाठीं एका मुसलमान घराच्या दारीं येतें. घरांतील पुरुष लुटीस गेलेले असतात. राजोच्या मनांत दया आहे, तशी भीतिहि आहे. सुरेखा सिक्री यांनीं तिला देवता केलें नाहीं. त्यांची राजो कठोर बोलते, कचरते, आणि तरीहि आसरा देते. म्हणूनच तिचा चांगुलपणा खरा वाटतो. या भूमिकेस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हरनामसिंगाची भूमिका, रावळपिंडींत जन्मलेल्या भीष्म साहनी यांनीं स्वतः केली, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या मालिकेमुळें द्वेष भडकेल, अशी तक्रार मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेली होती. न्यायाधीशांनीं मालिका स्वतः पाहिली व प्रक्षेपणास मोकळीक दिली; सर्वोच्च न्यायालयानेंहि त्याच सालीं आक्षेप फेटाळला. द्वेषाला समोर जमाव लागतो. येथें नटांनीं आपल्यापुढें एकएक माणूस उभा केला आहे. नथूची लाज व राजोची घालमेल पाहिल्यावर कोणत्याहि जमातीस सरसकट दुष्ट म्हणणें कठीण होतें.

तेव्हां, विद्यार्थ्यांनो, भूमिका हातीं आली म्हणजे आधीं स्वतःस दोन प्रश्न विचारा : या मनुष्याला काय हवें आहे, आणि तो काय लपवीत आहे? उत्तर सांपडलें म्हणजे आवाज आपोआप योग्य पट्टींत येतो.