नाममात्रवाद आणि ‘जाती’ हा शब्द

आपल्या नागपूरच्या बाजारात संत्र्यांची रास पडलेली असते. त्यातील कोणतीही दोन फळे तंतोतंत सारखी नसतात. तरी सर्वांना आपण ‘संत्रे’च म्हणतो. मग या सर्वांत राहणारे एकच असे ‘संत्रेपण’ खरोखर अस्तित्वात आहे काय? आहे असे मानतो तो वास्तववादी. अस्तित्वात आहेत ती केवळ ही एकेक फळे, समान आहे ते नाव, असे म्हणतो तो नाममात्रवादी. ११व्या शतकातील रोसेलिन आणि १४व्या शतकातील ऑकम ही नावे आपण परीक्षेपुरती पाठ करतो. परंतु हा वाद आपल्याकडे त्यांच्याही आधी रंगला होता, आणि तो फळांपुरता नव्हता.

न्याय-वैशेषिकांनी सामान्याला दिलेले नाव ‘जाती’. सर्व गाईंत एकच नित्य ‘गोत्व’ असते, असे ते म्हणत. दिङ्नागादी बौद्धांनी हे नाकारले. ‘गाय’ हा शब्द कोणत्याही नित्य तत्त्वाकडे बोट दाखवीत नाही. जे जे गाय नव्हे, ते तो बाजूला सारतो, एवढेच. हाच अपोहवाद. इकडे मीमांसक कुमारिल भट्टाने ब्राह्मणत्व हीदेखील गोत्वासारखी खरी जाती मानली. आईबाप कोण हे कळले की ती प्रत्यक्ष दिसते म्हणे! गाय ओळखण्यासाठी तिचे आईबाप कोणी विचारीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात बुद्धांनी हा भेद पूर्वीच दाखविला होता. गवत, झाडे, पशू, पक्षी यांच्या जातींची चिन्हे शरीरावर असतात. माणसांतील भेद मात्र व्यवहारातील नावांचे. म्हणजे बुद्ध येथे सरसकट नाममात्रवादी नाहीत, माणसांपुरते आहेत.

जाती हे केवळ नाव असेल तर तिचे चटके का बसतात, अशी शंका कोणी घेईल. मला वाटते, ‘केवळ नाव’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा अर्थ घेणेच चूक आहे. नाव माणसांनी ठेवलेले असते आणि माणसेच ते चालवितात. म्हणून ते टाकताही येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह याच शहरात बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा हेच घडले. परंतु कागदावरचे नाव चिवट निघाले. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. आणि त्यासाठी दाखल्यावर जुन्या जातीचेच नाव लिहावे लागले.