अडचणीतून उद्योग : नव्या उद्योजकाने समस्या कशी निवडावी

गावातील एखाद्या तरुणास स्वतंत्र धंदा सुरू करावयाचा असला म्हणजे त्याचे लक्ष प्रथम दुसऱ्याच्या चालत्या धंद्याकडे जाते. एकाची पिठाची गिरणी चालली की वर्षभरात गावात आणखी दोन गिरण्या उभ्या राहतात. एकाने कुक्कुटपालनात चार पैसे मिळविले की चौघे खुराडी बांधतात. गिऱ्हाईक मात्र तेवढेच राहते. पुढे तिघांच्याही गिरण्या अर्धा दिवस बंद राहतात आणि कर्जाचा हप्ता तेवढा नियमाने येतो. अशा धंद्यात बुडणारा पैसा बहुधा वडिलांच्या साठवणीचा, घरच्या सोन्यावर किंवा जमिनीवर उचललेला असतो. यास्तव ‘कोणता धंदा करावा?’ या प्रश्नाच्या आधी ‘गावातील कोणती अडचण दूर करावी?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. तो कसा विचारावा आणि त्याचे उत्तर कसे पारखावे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

नित्याची अडचण दिसत का नाही?

जी अडचण रोज सोसावी लागते ती हळूहळू अडचण वाटेनाशी होते. गोठ्यात गुरांपुढे अखंड कडबा टाकला जातो. जनावर पाला व कोवळा भाग खाते आणि जाड बुडखे तुडवून टाकते. सकाळी ते बुडखे उकिरड्यावर जातात. आजोबांच्या काळापासून हेच चालत आल्यामुळे यात नुकसान आहे, असे कोणाच्या मनात येत नाही. खळ्यावर पावसाची सर आली की ताडपत्रीसाठी होणारी धावपळ, शेंगा फोडून बोटांना येणारे फोड, विहिरीवरील पंप बिघडला म्हणजे मिस्त्रीची तीन दिवस पाहावी लागणारी वाट, या साऱ्यांना लोक ‘हे असेच असते’ असे म्हणतात. उद्योजकाने नेमके हेच वाक्य कान देऊन ऐकावे. जेथे ते ऐकू येते तेथे थांबून चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. शेतातील व घरातील पुष्कळशी कष्टाची कामे स्त्रिया करतात. परंतु चौकशी मात्र चावडीवर बसलेल्या पुरुषांकडे केली जाते. निंदणी, वेचणी, निवडणे, पाखडणे, वाळवणे, गुरांचे वैरणपाणी या कामांतील खरी अडचण ती कामे करणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. तिला विचारल्यावाचून केलेली पाहणी अर्धी समजावी.

एक मार्गदर्शक उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. पुढे बेळगावात त्यांचे व त्यांच्या बंधूंचे सायकलींचे दुकान होते. सायकल ही त्या काळी मोजक्या सधन लोकांची वस्तू होती. शेतकऱ्यांसाठी अवजारे करण्याकडे जेव्हा त्यांनी लक्ष वळविले, तेव्हा प्रथम हाती घेतली ती कडबा कापण्याची यंत्रे आणि त्यानंतर, 1903 च्या सुमारास, लोखंडी नांगर. वैरणीची नासाडी आणि लाकडी नांगराची उथळ नांगरट, या दोन्ही गोष्टी त्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या होत्या. हरळी व कुंदा यांनी व्यापलेल्या काळ्या जमिनीत लाकडी नांगर पुरा पडत नसे. अशी जमीन साफ करावयाची तर माणसे लावून कुदळीने खणावी लागे. म्हणजे शेतकरी त्या अडचणीची किंमत मजुरीच्या रूपाने किंवा घटलेल्या पिकाच्या रूपाने आधीपासूनच मोजत होता.

असे असूनही नांगर लगेच खपला नाही. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज तेव्हा प्रचलित होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात नमूद आहे. शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या रानात नांगरट प्रत्यक्ष पाहिली आणि पुढे पीकही पाहिले, म्हणजेच असा समज ओसरतो. 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभा राहिला. ते ठिकाण आज सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी म्हणून ओळखले जाते.

या उदाहरणापासून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, निवडलेली अडचण पुष्कळांची, खर्चाची आणि दरवर्षी येणारी होती. दुसरा असा की, अडचण खरी असली तरी उपायाविषयी लोकांच्या मनात असलेला संशय हाही त्या अडचणीचाच एक भाग असतो. तो दूर होईपर्यंत तग धरण्यापुरते भांडवल व धीर उद्योजकाजवळ हवा.

पाहणी कशी करावी?

पाहणीसाठी एक वही, एक पेन्सिल आणि एका हंगामाचा काळ पुरेसा आहे. शेत, खळे, गोठा, दूध संकलन केंद्र, आठवड्याचा बाजार, पिठाची गिरणी आणि एस.टी.चा थांबा या ठिकाणी काही वेळ शांतपणे उभे राहावे. लोक कशासाठी खोळंबतात, कशासाठी परगावी जातात, काय फेकून देतात आणि कशावरून कुरकुरतात, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे.

प्रश्न विचारताना एक चूक हमखास होते. ‘असे यंत्र आणले तर तुम्ही घ्याल का?’ असा प्रश्न विचारला तर शेजारधर्म म्हणून बहुतेक लोक ‘घेऊ की’ असे म्हणतात. हा होकार म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. पुढे काय कराल, हे न विचारता मागे काय केले, हे विचारावे :

1. ही अडचण मागच्या वेळी केव्हा आली?
2. तेव्हा काय केले? कोणाकडे गेलात?
3. त्यात पैसे किती गेले आणि किती दिवस मोडले?
4. याआधी कोणता उपाय करून पाहिला, आणि तो का सोडला?

ज्याने अडचण दूर करण्यासाठी पूर्वी एक पैसाही खर्चला नाही आणि एक फेरीही मारली नाही, तो पुढेही बहुधा खर्चणार नाही. ज्याने तारेने बांधून, पत्रा ठोकून किंवा उसनवारी करून काहीतरी तोडगा काढलेला आहे, त्याची गरज मात्र खरी आहे. असे घरगुती तोडगे दिसतील तेथे उद्योजकाने विशेष बारकाईने पाहावे.

पारख करण्याच्या कसोट्या

वहीत वीस-पंचवीस अडचणी जमल्या की त्या प्रत्येकीला पुढील कसोट्या लावाव्यात. ती किती घरांना भेडसावते? वर्षातून किती वेळा येते? तिच्यापायी आज किती पैसा, वेळ वा माल वाया जातो? लोकांच्या हाती पैसा असतो त्या दिवसांत ती येते की नाही? आणि तिचा उपाय आपल्या अंगच्या कसबाने व जवळच्या भांडवलात करता येईल काय? यांपैकी शेवटच्या दोन कसोट्यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुष्कळ धंदे फसतात. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याची गरज मोठी असते, परंतु हात मोकळा नसतो. अशा वेळी सारा धंदा उधारीवर जातो आणि वसुली सुगीपर्यंत लांबते.

हिशेबाचा नमुना

एक उदाहरण हिशेबाने पाहू. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा, एका गावात दुभती जनावरे असलेली 50 घरे आहेत. त्यांपैकी 30 घरांत कडबा कुट्टीचे यंत्र आहे, 20 घरांत नाही. एका तरुणाने असे ठरविले की, 30,000 रुपयांचे यंत्र घेऊन या 20 घरी आठवड्यातून दोनदा कुट्टी करून द्यावी आणि खेपेस 30 रुपये घ्यावेत. आठवड्याची आवक 1,200 रुपये झाली. वीज, वाहतूक व दुरुस्ती यांचे 400 रुपये वजा जाता 800 रुपये उरले. एका खेपेस एक तास धरला तर 40 तास काम झाले. म्हणजे ताशी 20 रुपये पदरी पडले. यंत्राची झीज व कर्जाचे व्याज अद्याप धरलेलेच नाही. अडचण खरी आहे, पण या रीतीने तीत धंदा नाही. कर्ज काढण्यापूर्वी ही गोष्ट कागदावर कळली, हा मोठाच लाभ होय.

आता तीच वही पुन्हा चाळली असता दुसरी एक नोंद आढळते. ज्या 30 घरांत यंत्र आहे, त्यांची पाती बोथट होतात, आणि धार लावण्यासाठी ती उतरवून तालुक्याच्या गावी न्यावी लागतात. त्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणून लोक बोथट पात्यावरच काम रेटतात. आसपासची पाच गावे मिळून अशी 120 यंत्रे आहेत, असे समजू. प्रत्येक यंत्रामागे महिन्यातून एकदा 60 रुपये धरले तर आवक 7,200 रुपये होते. पेट्रोल, सहाणेचे चाक व वीज यांचे 1,700 रुपये वजा जाता 5,500 रुपये उरतात. दिवसाला दहा यंत्रे झाली तर काम 12 दिवसांत संपते. म्हणजे रोज सुमारे 458 रुपये पडतात, आणि उरलेले दिवस स्वतःच्या शेतीला मोकळे राहतात. यासाठी लागणारी सहाण व हत्यारे कुट्टी यंत्राच्या मानाने फारच थोड्या पैशांत येतात. कुट्टी यंत्रात हात सापडून कायमचे अपंगत्व आल्याच्या दुर्घटना घडतात. तेव्हा धार लावणाऱ्याने सैल जाळी व उघडा पट्टा झाकून देण्याचे कामही सोबत घेतल्यास त्याच फेरीत उत्पन्न वाढेल आणि एखाद्याचा हातही वाचेल.

येथे मुद्दा असा की, प्रथम दिसते ती अडचण आणि धंद्याजोगी अडचण या पुष्कळदा निरनिराळ्या असतात. पहिलीच्या मागे शांतपणे चौकशी केल्यानेच दुसरी सापडते.

उपाय नवाच हवा असे नाही

नव्या उद्योजकाने स्वतः शोध लावलाच पाहिजे, असा नियम नाही. पुष्कळ अडचणींवरील उपाय कृषी विद्यापीठांत तयार असतात. ते गावापर्यंत पोहोचलेले नसतात एवढेच. आंबा झोडपून किंवा देठ तोडून काढला तर फळास इजा होते व चीक सालीवर ओघळून डाग पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने फळ देठासह कापून जाळीत झेलता येते. असे अवजार बनविणे, ते भाड्याने देणे किंवा त्याने आंबा उतरविणारी कुशल माणसे पुरविणे, यांपैकी प्रत्येक काम हा एक धंदा होऊ शकतो.

त्याचबरोबर, प्रत्येक अडचण एकट्याने उचलण्यासारखी नसते. पिण्याचे पाणी व रस्ता ही कामे ग्रामपंचायतीची. नाशवंत मालाची विक्री एकट्याला न झेपणारी असली तर सहकाराचा मार्ग धरावा. गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांनी 1946 साली आपला संघ स्थापन केला, तो दुधाच्या विक्रीवर दुसऱ्याचा ताबा होता म्हणूनच.

प्रथम लहान प्रयोग

अडचण निवडल्यावर लगेच कर्ज काढू नये. उसने किंवा भाड्याचे साधन घेऊन पाच घरी महिनाभर काम करून पाहावे आणि पहिल्या दिवसापासून मोबदला घ्यावा, मग तो थोडा का असेना. फुकट काम सर्वांना आवडते. त्यावरून धंद्याची परीक्षा होत नाही. पाचांपैकी किती जणांनी आपण होऊन पुन्हा बोलावले, हे मोजावे. एकानेही बोलावले नाही तर प्रयोग तेथेच थांबवावा आणि वहीतील पुढची नोंद घ्यावी. यात गेलेला महिना वाया गेला असे समजू नये; त्याने जमीन गहाण पडण्याचे टाळले आहे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्याने तरुणांपुढे धंद्यांची तयार यादी ठेवू नये. त्यांच्याकडून अडचणींची यादी करून घ्यावी. ती महिला बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवावी व दुरुस्त करून घ्यावी. तांत्रिक माहितीसाठी कृषी विज्ञान केंद्राशी आणि कर्ज व अनुदान योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्राशी गाठ घालून द्यावी. मात्र अनुदान मिळते म्हणून धंदा निवडू देऊ नये. अनुदान एकदा मिळते. गिऱ्हाईक रोज यावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

1. आपल्या गावात ‘हे असेच असते’ असे म्हणून सोसल्या जाणाऱ्या पाच अडचणी कोणत्या? त्यांपैकी किती स्त्रियांनी सांगितल्या?
2. त्यांपैकी कोणत्या अडचणीपायी लोक आजच पैसा किंवा दिवस खर्च करीत आहेत?
3. त्यांतील एक अडचण घेऊन वरील नमुन्याप्रमाणे महिन्याचा हिशेब मांडा. स्वतःची मजुरी त्यात धरली आहे काय?