पोटातल्या बाळाचा रक्तस्राव

आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारे. आमच्या शाखेतील एका भगिनीला सातव्या महिन्यात, कल्याण लोकलमध्ये चढताना पोटावर जोराचा धक्का बसला. रक्ताचा थेंबही दिसला नाही, म्हणून आम्हीसुद्धा "काही होत नाही" म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाळाची हालचाल मंदावली आणि धावपळ उडाली. बाळ वाचले; आमचे अज्ञान मात्र उघडे पडले. म्हणून हा अभ्यास.

आईच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. पूर्ण दिवसांच्या ३ किलोच्या बाळाची शिल्लक मात्र पाव लिटरच्या आसपास. आईला किरकोळ वाटणारा स्राव बाळाला भारी पडतो, तो यामुळेच.

कारणे अशी :

१) वारेत दोघांचे रक्त शेजारून वाहते, पण मिसळत नाही. मधला पडदा फाटला तर बाळाचे रक्त आईच्या रक्तात उतरते. बाहेर काहीच दिसत नाही. पोटावरचा मार हे एक कारण. कधी कारण सापडतही नाही.

२) वार वेळेपूर्वी सुटणे.

३) बाळाच्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या मुखावरून गेलेल्या असणे. पाणमोट फुटताना त्या फाटतात. सोनोग्राफीत हे आधी कळू शकते.

४) एकाच वारेवरच्या जुळ्यांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे जाणे.

५) तपासण्या : गर्भजल परीक्षा, वारेचा अंश काढणे, नाळेतून रक्त घेणे, पायाळू मूल बाहेरून फिरवणे. तज्ज्ञांच्या हाती धोका थोडा, पण असतो. गरजेची तपासणी जरूर करावी. परंतु मुलगी आहे का हे पाहण्यासाठी गर्भजल परीक्षेचा गैरवापर झाला. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने.

आईच्या रक्तात बाळाचे रक्त किती आले, हे १९५७ पासूनच्या क्लायहाउअर चाचणीने मोजता येते. आम्लात आईच्या पेशी फिक्या पडतात, बाळाच्या लाल राहतात.

आई आर.एच. निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असल्यास आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होऊन पुढच्या बाळाला धोका संभवतो. यासाठी ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. स्राव अधिक असल्यास मात्रा वाढवतात.

तेव्हा गर्भवतीने आपला रक्तगट पाठ ठेवावा. पोटाला मार लागला, अंगावरून रक्त गेले किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी "काही होत नाही" हे वाक्य सोडून द्यावे. आम्ही सोडले आहे.