निळा पडलेला सायलेन्सर

(द्वितीय वर्ष कला)

हा लेख लिहिण्यास एक भांडण कारण झाले. गडहिंग्लजच्या रस्त्याला माझ्या वडिलांचे मोटारसायकल दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. रविवारी आणि सुटीत मी तेथे पाने-पकडी हातात देण्याचे काम करतो. गेल्या मे महिन्यात एक गिऱ्हाईक तावातावाने आले. पंधरा दिवसांपूर्वी दादांनी त्यांच्या जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीला नवा बेंड पाइप आणि सायलेन्सर बसवला होता. ते सावंतवाडीला जाऊन आंबोली घाट चढून परत आले आणि पाहतात तो इंजिनाजवळचा आरशासारखा पाइप निळा-जांभळा झालेला! "मिस्त्री, जुनाच पाइप पॉलिश करून नवा म्हणून घातलात की काय?" असे ते चार माणसांत म्हणाले. दादांनी बिल दाखवले, खोके दाखवले. पण "मग निळा का पडला?" याला त्यांच्यापाशी "तापला म्हणून" याखेरीज उत्तर नव्हते. मग ते माझ्याकडे पाहू लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परंतु मी इतिहास आणि मराठी शिकणारा. मला काय ठाऊक असणार? त्या पाहण्याने मी फार ओशाळलो. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी जे समजावले ते माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना कळेल अशा भाषेत मांडतो.

आपण ज्याला क्रोमचा पाइप म्हणतो तो असतो लोखंडाचाच. त्यावर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा मुलामा. हा मुलामा किती पातळ असावा? साधारणपणे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. क्रोमियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा धरतो. एका अर्थी तो क्रोमियमचा गंजच. पण लोखंडाच्या गंजासारखा तो पोखरत नाही, उलट खालच्या धातूचे रक्षण करतो. पाइप थंड आहे तोवर हा पापुद्रा इतका पातळ असतो की तो असून नसल्यासारखा. पाइप खूप तापला की हवेतला प्राणवायू अधिक मिळून पापुद्रा जाड होऊ लागतो, आणि तेथून रंगांचा खेळ सुरू होतो.

गंमत अशी की या पापुद्र्यात निळा रंग म्हणून काहीच नसतो. पावसाळ्यात आमच्या गॅरेजसमोरच्या डबक्यात ऑइलचा थेंब पडला की इंद्रधनुष्य पसरते. ऑइल तर काळे असते! तेच इथे घडते. थोडा प्रकाश पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत शिरून खालच्या धातूवरून परततो. दोन्ही पुन्हा एकत्र येतात तेव्हा पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे एखादा रंग एकमेकांना मारून टाकतो आणि उरलेले आपल्याला दिसतात. पापुद्रा जरासा जाड झाला की आधी निळा प्रकाश नाहीसा होतो, म्हणून पाइप पिवळसर, सोनेरी दिसतो. आणखी जाड झाला की पिवळा मरतो आणि पाइप जांभळा, मग निळा दिसतो. हे सारे घडते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी जाडीत. म्हणूनच इंजिनाच्या तोंडाशी निळा, पुढे जांभळा, मग सोनेरी आणि मागच्या सायलेन्सरवर पुन्हा स्वच्छ चांदी असे पट्टे दिसतात. कोणता भाग किती तापला याची नोंदच म्हणा ना.

हे मी रात्री घरी सांगत होतो तेव्हा आजोबा मध्येच म्हणाले, "हे रंग मी जल्मभर बघितल्यात." माझे आजोबा लोहार. छिन्नीला पाणी पाजताना ते तिचे तोंड लाल करून पाण्यात बुडवीत, दगडावर घासून लख्ख करीत आणि मग वाट पाहत. मागच्या भागातली धग हळूहळू पुढे सरके. तोंडावर आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा रंग चढे. जांभळा दिसताच छिन्नी पुन्हा पाण्यात. निळ्यापुढे गेली की धार मऊ. साधे पोलाद सुमारे २२० अंशांना पिवळे आणि ३०० च्या आसपास निळे होते. क्रोमियमला त्याहून बरेच अधिक तापावे लागते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' ग्रंथात अभ्रकाच्या पापुद्र्यांच्या रंगांबरोबर पोलादाच्या या रंगांचाही विचार केला होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे विशेष वाटले. आजोबांनी हूकचे नाव ऐकलेले नाही, पण दोघे एकच गोष्ट पाहत होते.

पाइप नवाच होता हे सिद्ध झाले. जुना असता तरी निळा पडलाच असता. मी खूश होतो. पण सरांनी जाता जाता एक प्रश्न विचारला होता : "इतका तापला का?" घाटातला चढ हे एक कारण. पण मुख्य कारण बहुधा पेट्रोल कमी आणि हवा जास्त हे असते. मिश्रणात जास्तीचे पेट्रोल असले तर ते वाफ होताना उष्णता शोषते. ते कमी केले की ती थंडाई जाते. शिवाय विरळ मिश्रण सावकाश जळते आणि झडप उघडली तरी त्याचे जळणे संपलेले नसते. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल आपला प्राणवायू बरोबर घेऊन येते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण आणखी विरळ होते.

मी दादांना विचारले, "जेट बदललं होतं का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक नंबर लहान घातलंय. त्यांनाच अ‍ॅव्हरेज पाहिजे होतं." म्हणजे आळ खोटा होता, पण पाइप निळा पडण्यात आमचाही हात होता. मला वाटले, ही गोष्ट घरातच राहावी. दादांना ते पटले नाही.

त्यांनी गिऱ्हाइकाला बोलावून सगळे सांगितले आणि पैसे न घेता मूळ नंबरचे जेट बसवले. निळा भाग पॉलिशने घासू नका असेही बजावले. कारण पापुद्र्याबरोबर मुलामाही झिजतो, खालचे पिवळसर निकेल उघडे पडते आणि पुढे गंज. निळेपणा आपण होऊन जात नाही, पण आता तो पुढे सरकलेला नाही. ते गृहस्थ अजून आमच्याकडेच येतात. सध्या त्यांची तक्रार अ‍ॅव्हरेजची आहे.