आधी मिलिमीटर विचारा

जर्मनीत दात साफ करून घ्यायला गेलं की स्वखर्चाच्या दोन-चार तपासण्याही पुढे केल्या जातात. श्टुटगार्टच्या एका दवाखान्यात माझी चूळ कपात घेतली, पट्टीवर टाकली आणि पाच मिनिटांत दोन रेघा उमटल्या. पॉझिटिव्ह! लगेच पायोरियाच्या उपचारांचा खर्च लिहिलेला कागद हातात आला. कोणत्या दाताशी हिरडी किती खोल सुटली आहे, हे मात्र कोणी मोजलंच नव्हतं.

पट्टी खोटी नव्हती. दात आणि हिरडी यांच्या फटीतून अगदी थोडा द्रव झिरपत असतो. हिरडी सुजली की तो वाढतो, तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी एमएमपी-८ नावाचं विकर सोडतात आणि ते दाताला हाडाशी बांधणारे कोलॅजनचे धागे तोडतं. चुळीत त्याचं सक्रिय रूप मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की दुसरी रेघ येते. हेलसिंकीच्या टिमो सोर्सा यांचं यावर मोठं काम आहे. त्याआधी एएसटीची चाचणीही निघाली होती. रक्ताच्या रिपोर्टात एसजीओटी म्हणून छापून येतं तेच, पेशी मेल्या की बाहेर सांडणारं.

पण रेघ एवढंच सांगते की तोंडात कुठेतरी तोडफोड चालू असावी. साध्या सुजेतही ती उमटू शकते. एक्स-रेनेही भागत नाही: तो गेलेलं हाड दाखवतो, चालू दाह नाही.

दुसरीकडच्या डॉक्टरबाईंनी खुणांची बोथट सळई प्रत्येक दाताभोवती फिरवली. या मोजणीला इथे पीएसआय म्हणतात आणि ती सरकारी विम्यात दर दोन वर्षांनी मिळते, ही गोष्ट पहिल्या ठिकाणी कोणी बोललं नाही! माझ्या तोंडात फट तीन मिलिमीटरपेक्षा खोल कुठेच नव्हती. कीटण काढलं, फटीतला ब्रश दिला, संपलं.

साताऱ्याच्या सासूबाईंचं नेमकं उलटं. तंबाखूची मिश्री लावायच्या, रक्त कधी दिसलं नाही, म्हणून सगळं ठीक. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तावर विसंबता येत नाही. मोजलं तेव्हा दाढेशी सात मिलिमीटर निघाले. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर मोजणी मागूनच घ्या.

पट्टीची चाचणी करायचीच झाली तर मोजणीच्या तक्त्यासोबत, उपचाराआधी आणि नंतर करा. शक्य असेल तर पट्टी यंत्रात वाचून आकडा लिहून घ्या. डोळ्यांना नुसती रेघ दिसते, पातळी किती उतरली ते कळत नाही.